युनियनच आपली बाजू घेत नसेल तर कामगाराने जायचं कुठं?

मागवाला_सोलापूर | १० मार्च २०२४, रात्री ११:२०

मंडळी नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात अकरा वर्षं मागावर आहे. मस्टरवर २१० माणसं. कारखान्याचं आणि युनियनचं नाव लिहीत नाही, कुणी विचारूही नका.

गेल्या डिसेंबरात युनियनने मालकाशी नवा करार केला. आधी एका माणसाकडं चार माग होते, करारानंतर सहा. पगारात वाढ ९०० रुपये. गेट मीटिंग नाही, कुणाला विचारणं नाही. कँटीनच्या भिंतीवर एक कागद चिकटवला तेव्हा आम्हाला कळलं. ज्यानं सहा मागांमध्ये पळून बघितलंय त्यालाच ठाऊक की ते काय असतं. इकडं ताणा तुटतो, तो जोडेपर्यंत तिकडं दोन माग उभे. लाल दिवा लागलेला माग दिसतो, पण पाय तिथवर पोचेपर्यंत वीस मीटर कापड गेलेलं असतं, आणि डाग निघाला की दंड आपल्याच नावावर.

मी फक्त एवढंच म्हणालो की कराराची प्रत दाखवा. सेक्रेटरी म्हणाले, ऑफिसात ये. ऑफिसात गेलो तर म्हणाले, साहेबांकडं आहे. तीन आठवडे असंच फिरवलं. १९ फेब्रुवारीला मला चार्जशीट आली, ‘जाणीवपूर्वक उत्पादन कमी केले’, आणि त्याच कागदात सस्पेंड. मी परत युनियनकडं गेलो. उत्तर मिळालं, “माफीनामा लिहून दे, मी बोलतो साहेबांशी.” जे केलं नाही त्याची माफी कशाला मागू?

दर महिन्याला पगारातून ५० रुपये वर्गणी कापली जाते. अकरा वर्षांच्या पावत्या आईनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. युनियन म्हणजे घरातलंच माणूस, असं ऐकत मोठा झालो. म्हणून हे लिहिताना हात जड झालाय. पण आता करायचं काय? चिडून सगळे म्हणायलेत, राजीनामे देऊ युनियनचे, वर्गणी बंद करू.

---

पूर्वभाग_७० | १० मार्च, ११:४८

दादा, माफीनामा देऊ नका. एकदा सही केली की तोच कागद पुढं तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावतील. बाकीचं जाणकार सांगतील.

---

गिरणीचा_मुलगा | ११ मार्च, सकाळी ७:०५

आमच्या पिढीनं हेच भोगलंय, फक्त कायदा वेगळा होता. कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एका ठिकाणच्या त्या उद्योगापुरती एकच प्रातिनिधिक युनियन. बोलणी तीच करणार, सही तीच करणार. कामगारांचा विश्वास उडाला तरी मालकासमोर बसायचा हक्क तिचाच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा पगारवाढीइतकीच मोठी मागणी हा कायदा रद्द करण्याची होती. संप मोडला, कायदा तसाच राहिला. किती घरं बसली ते सोलापूरकरांना सांगायला नको. इथं भोंगे बंद पडले तेव्हा आम्ही ते डोळ्यांनी बघितलंय.

एवढं सांगायचं कारण असं की, युनियन नको म्हणून बाहेर पडणं सोपं आहे. बाहेर पडल्यावर आपल्या वतीनं बोलायला कुणीच नसतं, ते दुःख वेगळं. घाई करू नका.

---

काळा_डगला | ११ मार्च, रात्री ९:३०

मी कामगार कोर्टात प्रॅक्टिस करतो. कागद न बघता लिहितोय, म्हणून हे सर्वसाधारण समजा.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: तुमची युनियन नोंदणीकृत आहे की मान्यताप्राप्त? लोक दोन्ही एकच समजतात, पण तसं नाही. नोंदणी १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली होते. मान्यता आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली मिळते. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध, दोन्ही त्यातच आहे, आणि कोर्टात आम्ही ज्याला यूएलपी म्हणतो ती तक्रार त्याच्याखालीच होते. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, लागोपाठ सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालय मान्यतेचं सर्टिफिकेट देतं. मालकाने तोंडी ‘हीच आमची युनियन’ म्हटल्याने मान्यता होत नाही. सोलापुरात औद्योगिक न्यायालय आहे. तिथल्या कार्यालयात चौकशी केली की कळेल.

मान्यता असेल तर काय अडतं? पगार, बोनस, कामाचं प्रमाण, थोडक्यात सगळ्यांचे सामायिक प्रश्न. त्यावर तीच बोलणार आणि तिचा करार सभासद नसलेल्यांनाही लागू. एकट्यानं उठून ‘मला सहा माग मान्य नाहीत’ म्हणून कोर्टात जाता येत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं.

आता काय अडत नाही ते नीट वाचा. बडतर्फी, कमी करणं, काढून टाकणं, सस्पेन्शन, यांत तुम्हाला तुमची बाजू स्वतः मांडता येते. कायद्यानेच हे दार उघडं ठेवलंय. मालकाने अनुचित प्रथा केली तर कलम २८ खाली तक्रार कोणीही कामगार स्वतः करू शकतो, मात्र घटनेपासून ९० दिवसांत. त्यानंतर गेलात तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. तुमची तारीख १९ फेब्रुवारी. ९० दिवस १९ मेला भरतात आणि तो रविवार आहे. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. उद्या नोकरीच गेली, तर समेट अधिकाऱ्याकडे एकट्याने अर्ज करता येतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही की थेट न्यायालयात. त्याला मुदत तीन वर्षांची.

निर्वाह भत्ता सस्पेन्शनच्या पहिल्या दिवसापासून मागा. पहिले ९० दिवस निम्मा पगार. चौकशी तुमच्यामुळे लांबली नसेल तर पुढे पाऊण. लेखी मागणी करा, पोच घ्या.

चौकशीत तुमच्या बाजूने कोण बसणार हाही प्रश्न येईल. आपल्या युनियनचा माणूस येत नसेल तर मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या खातेनिहाय (कारखान्यातल्या अंतर्गत) चौकशीत उभं राहण्याचा हक्क कलम २२ मध्ये आहे.

आणि वकिलाच्या फीची चिंता असेल तर: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगार हा मोफत वकील मिळण्याचा स्वतंत्र हक्कदार आहे. उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं साधा अर्ज द्या. आमच्या सोलापुरात हे शंभरातल्या पाच कामगारांनाही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

---

मागवाला_सोलापूर | ११ मार्च, १०:१५

साहेब, खूप आधार वाटला. पण सभासदत्वाचं काय? पोरं म्हणतात सोमवारी सगळे मिळून वर्गणी बंदचं पत्र देऊ.

---

काळा_डगला | ११ मार्च, १०:४०

पगारातून वर्गणी कापायला तुमची लेखी संमती लागते, ती काढून घेता येते. पण आत्ता काढू नका, हे कळकळीने सांगतो.

सभासद असाल तर युनियनचे हिशेब आणि सभासदांची यादी बघायला मागता येते, तो हक्क १९२६ च्या कायद्याचा. मान्यताप्राप्त युनियनवर १९७१ च्या कायद्याच्या कलम १९ ची बंधनं आहेत: कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत व्हायलाच हवी, प्रत्येक ठराव मिनिटबुकात लिहायला हवा, हिशेब तपासणीला द्यायला हवेत. हे पाळलं नाही तर कलम १३ खाली मान्यता रद्द होऊ शकते. कामगारांचं नुकसान करून मालकाच्या हितासाठी युनियन चालवली जात असेल, तर तेही त्याच कलमात कारण म्हणून लिहिलेलं आहे. सभासद ३० टक्क्यांच्या खाली सहा महिने राहिले तरी तसंच. तुमच्यासारखी माणसं बाहेर पडली की आत विचारायला कोण उरतं?

दुसरी वाट कलम १४ ची. जुन्या युनियनच्या मान्यतेला दोन वर्षं झाली असतील, तर तिच्यापेक्षा जास्त सभासद असलेली दुसरी युनियन मान्यता मागू शकते. तुमच्याकडे ३० टक्के म्हणजे ६३ माणसं. पण निव्वळ ६३ सह्या नकोत, सलग सहा महिने वर्गणी भरलेली, पावती असलेली माणसं हवीत. पावतीबुकात खाडाखोड निघाली की अख्खा अर्ज पडतो. असे अर्ज मी पडताना पाहिलेत.

कराराच्या प्रतीसाठी माहिती अधिकार वापरा. करार झाला की त्याची प्रत कामगार आयुक्तांकडे पाठवावी लागते. सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात १० रुपयांचा अर्ज करा, मुदत ३० दिवस.

---

कुंभारीची_लेक | १२ मार्च, दुपारी २:१०

मी विडी कामगाराची मुलगी. आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. सकाळी ब्रँचवर विड्यांच्या जुड्या घेऊन जायचं, तिथला माणूस दोन बोटांनी एकेक जुडी दाबून बघणार आणि खराब म्हणून मूठभर बाजूला काढणार. त्या विड्यांचे पैसे नाहीत, पण विड्या तो ठेवून घेणार. आईनं एकदा विचारलं तर दुसऱ्या दिवशी पाला कमी आणि फाटका मिळाला.

तिच्या पीएफच्या कागदावर नाव एक आणि आधारवर दुसरं. ब्रँचवर सांगितलं, झालं नाही. युनियनच्या माणसाला सांगितलं, त्यांच्याकडं शंभर बायकांचे कागद पडलेले. शेवटी मी आणि ती दोघीच पीएफ ऑफिसला गेलो. चार चकरा झाल्या. पण काम झालं, कुणाच्या चिठ्ठीशिवाय. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही पीएफ लागू होतो हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगितलंय, हे मला त्या ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं. पीएफ, ग्रॅच्युइटी, किमान वेतन हे ज्याचं त्याला मागता येतं. त्याला युनियनची सही लागत नाही.

तरी एक सांगते. आम्ही राहतो ते घर गोदूताई परुळेकर वसाहतीतलं. दहा हजार घरं, विडी कामगार बायकांची. एकट्या आईला सात जन्मात ते घर मिळालं नसतं. ते संघटनेनंच मिळवलं. मोर्चांना आई मला कडेवर घेऊन जायची. म्हणून युनियन वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. दादा, तुमची युनियन बिघडलीय. ती दुरुस्त करायची की बदलायची ते तुम्ही ठरवा, पण सोडू नका.

---

चिंचोळी_शिफ्ट_बी | १२ मार्च, रात्री ८:५५

मी स्वतः सात वर्षं एका युनियनच्या कमिटीवर आहे. आमचीही बाजू ऐका.

प्रत्येक सस्पेंड माणसासाठी युनियनने भांडलंच पाहिजे असं नसतं. मालक एका हाताने देतो, दुसऱ्या हाताने घेतो. दहा जणांचं वाचवायला कधी एकाचं सोडावं लागतं, रात्री झोप लागत नाही. आणि दुसरी युनियन काढायचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या कारखान्यात तसंच झालं. दोन बोर्ड लागले, दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर. मालकाने त्यात करार दीड वर्ष लांबवला. वाढ कुणालाच नाही.

पण मागवाला दादा, गेट मीटिंग न घेता मागांची संख्या वाढवली हे मात्र चूक. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

परदेशस्थ_सोलापूरकर | १३ मार्च, पहाटे ४:३०

मूळचा साखर पेठेतला, आता अमेरिकेत आहे. शिफ्ट बी यांनी मांडलेला प्रश्न इथं फार जुना आहे.

अलाबामातल्या एका रेल्वेत इंजिनवर काम करणारे काळे फायरमन होते. युनियन गोऱ्यांची, काळ्यांना सभासदच करून घेत नव्हती, पण कायद्याने वाटाघाटी सगळ्यांच्या वतीनं तिच्याकडे. तिने रेल्वेशी असा करार केला की काळ्यांच्या जागा हळूहळू जातील. स्टील नावाचा फायरमन सुप्रीम कोर्टात गेला. १९४४ मध्ये कोर्टाने सांगितलं की सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा एकाधिकार ज्याला दिलाय, त्याने सगळ्यांशी न्यायाने वागलंच पाहिजे.

मग १९६७ मध्ये ओवेन्स या कामगाराचं प्रकरण आलं. रक्तदाब जास्त म्हणून त्याला कामावर घेईनात आणि युनियनने शेवटच्या पायरीपर्यंत केस नेली नाही. तिथं कोर्ट युनियनच्या बाजूने गेलं. प्रत्येक तक्रार शेवटपर्यंत लढायला युनियन बांधील नाही, पण मनमानी, भेदभाव किंवा वाईट हेतूने सोडली तर ती दोषी. तक्रार करायला मुदत सहा महिने. युनियन नकोच असेल तर ३० टक्के कामगारांच्या सह्यांवर गुप्त मतदान मागता येतं.

इथलं आपल्याकडं लागू नाही हे खरं. पण युनियनने एखाद्याची केस का सोडली याचं कारण त्याला सांगावं, इतकी अपेक्षा कुठल्याही देशात रास्तच आहे ना?

---

चिंचोळी_शिफ्ट_बी | १३ मार्च, सकाळी ६:४०

हे पटलं. कारण सांगायला पाहिजे. आमच्या कमिटीत मी हा विषय घेतो.

---

मागवाला_सोलापूर | २८ एप्रिल २०२४, रात्री १०:३०

थोडं कळवायचं होतं. वर्गणी बंदचं पत्र दिलं नाही. पोरांना समजवायला दोन रात्री गेल्या.

माहिती अधिकाराचा अर्ज २० मार्चला टाकला, १६ एप्रिलला कराराची प्रत हातात आली. तीन पानं. सातव्या कलमात सहा माग, आणि तिथंच लिहिलंय ‘सहायक उपलब्ध करून देण्यात येईल’. म्हणजे सहा मागांवर एक हेल्पर द्यायचं मालकाने कबूल केलेलं आहे! चार महिने एकही हेल्पर दिला नाही आणि युनियनने मागितलाही नाही, कारण आम्हाला करारच दाखवला नाही. कँटीनमध्ये ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प झाले.

मग सोळा सभासदांनी सह्या करून मिनिटबुक आणि हिशेब बघायला मागितले. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसरं रजिस्टर पोस्टाने पाठवलं, तेव्हा सेक्रेटरींनी बोलावलं. मिनिटबुकात जुलै २०२३ नंतर एकही बैठक लिहिलेली नाही. कराराला मंजुरी देणारा ठराव नाही. आम्ही भांडलो नाही. फक्त विचारलं, सर्वसाधारण सभा कधी घेता? म्हणाले, निवडणुकीच्या गडबडीनंतर. मतदान ७ मेला आहे, त्यानंतरची तारीख लेखी घेतलीय.

माझी चौकशी सुरू आहे. विधी सेवा प्राधिकरणातून वकील मॅडम मिळाल्या. तक्रार मुदतीच्या आत टाकणार.

---

मागवाला_सोलापूर | २१ जुलै २०२४, दुपारी १२:०५

१८ जुलैला कामावर परत घेतलं. चौकशीत आरोप सिद्ध झाला नाही, तरी ताकीद दिलीय. ती मी मान्य केली नाही, तसं लेखी दिलं.

सभा जूनमध्ये झाली. कमिटीत नऊ जागा, आमचे चार निवडून आले. सेक्रेटरी तेच राहिले. तिसऱ्या दिवशी नव्या कमिटीनं हेल्परचं पत्र मालकाला दिलं. एका शिफ्टला तीन हेल्पर मिळालेत. पुरेसे नाहीत, पण लाल दिवा लागला की आता कुणीतरी पोचतं.

---

काळा_डगला | १४ डिसेंबर २०२५, सकाळी १०:००

धागा वर काढतोय, कारण लोक वरची कलमं वाचून मला फोन करतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आहे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावले गेले. म्हणून वरच्या मुदती तशाच धरू नका.

आता मस्टरवरचे ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद, ती एकटी वाटाघाटीला बसणार. तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियन मिळून परिषद. एकट्या कामगाराला बडतर्फीचा विवाद स्वतः नेण्याचा हक्क कायम आहे, ४५ दिवसांनंतर थेट न्यायाधिकरणात, पण मुदत तीनवरून दोन वर्षांवर आलीय. सभासद आणि युनियन यांच्यातला कारभाराचा किंवा निवडणुकीचा वाद आता कलम २२ खाली न्यायाधिकरणात नेता येतो. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी, तिच्याकडे एकट्याला जाता येतं. तिचा निर्णय पटला नाही तर समेट अधिकाऱ्याकडचा अर्ज मात्र आपण ज्या युनियनचे सभासद आहोत तिच्यामार्फतच, म्हणजे तिथं पुन्हा युनियन लागतेच. नवा अर्ज करण्याआधी कोणत्या कायद्याखाली करायचा ते वकिलाला विचारूनच करा.

---

पूर्वभाग_७० | १४ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ७:२०

मागवाला दादा, तुमचं पुढं काय झालं?

---

मागवाला_सोलापूर | १५ डिसेंबर २०२५, रात्री ११:१०

मी मागावरच आहे. सस्पेन्शनच्या पहिल्या ९० दिवसांनंतर पाऊण पगार द्यायला हवा होता, त्यांनी शेवटपर्यंत निम्माच दिला. दोन महिन्यांचा फरक, ८,२०० रुपये, त्याचा वसुलीचा दावा कामगार कोर्टात चालू आहे. घरचे म्हणतात एवढ्यासाठी किती तारखा करणार. पण गेल्या तारखेला आमच्या शिफ्टची चार पोरं सुट्टी टाकून कोर्टात येऊन बसली होती, आणि सेक्रेटरीही आले होते. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. मागच्या बाकावर बसले, निघताना म्हणाले, “पुढच्या वेळी युनियनचं पत्र लावू.” पुढची तारीख गड्ड्याच्या जत्रेनंतरची मिळालीय.